बंदुकीच्या नळीतून मतं निघत नाहीत

कुठल्याही देशात एखाद्या सशस्त्र संघटनेशी वाटाघाटी सुरू झाल्या, किंवा एखादा जुना बंडखोर मंत्री झाला, की एक मजकूर हटकून फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच: आज बॉम्ब फोडा, उद्या निवडणूक लढवा, परवा मंत्री व्हा. पुढे पाच कारणं येतात. लोक या पक्षांना घाबरून मतं देतात. ज्याची फौज मोठी त्याचा पक्ष मोठा. पक्ष हा नुसता मुखवटा असतो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अशांशी चर्चा करणं म्हणजे हिंसेला बक्षीस देणं, त्यापेक्षा चिरडून टाकावं. आणि पाचवं, एकदा खुर्चीला चिकटले की हे लोक सुटत नाहीत.

मजकुरामागचा राग मला समजतो. ज्यांच्या घरातलं माणूस अशा संघटनेने मारलं, त्यांना तिचाच नेता सरकारी गाडीतून फिरताना बघावं लागतं, आणि त्यावर ‘इतिहास असाच असतो’ असं तोंड वर करून कुणी त्यांना सांगू नये. पण हा मजकूर शोक करत नाही, तो नियम सांगतो: हिंसा केली की सत्ता मिळते. नियम असेल तर तो तपासता येतो. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कितीतरी देशांत बंडखोरांचे पक्ष झाले, निवडणुका लढले, आणि त्यांच्या मतांचे आकडे सगळ्यांसमोर आहेत.

‘लोक घाबरून मतं देतात’

पाचातला हा सगळ्यात दमदार मुद्दा, म्हणून आधी तो जिथे खरा आहे तिथेच जाऊ. पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया, १९९७. देश जाळून काढणारा बंडखोर म्होरक्या चार्ल्स टेलर राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि त्याला ७५ टक्के मतं पडली. ती प्रेमाची मतं होती असं त्याचे चाहतेही छातीठोकपणे म्हणणार नाहीत. हरला तर हा पुन्हा लढाई सुरू करेल, ही धास्ती घराघरात होती. भीक नको पण कुत्रं आवर, अशी ती मतं होती.

आता सीमा ओलांडून शेजारच्या सिएरा लिओनमध्ये चला. टेलरच्याच पाठबळावर वाढलेली आरयूएफ ही संघटना तिथे होती. माणसांचे हात तोडणारी म्हणून ती जगभर कुप्रसिद्ध झाली. दहशतीचं मतांत रूपांतर होत असेल, तर या संघटनेची पेटी भरून वाहायला हवी होती. २००२ च्या निवडणुकीत तिच्या पक्षाला संसदेत एकही जागा मिळाली नाही. दोन्हींत फरक कसला? १९९७ मध्ये टेलरची माणसं आणि शस्त्रं त्याच्या हाताशी होती. २००२ मध्ये आरयूएफची शस्त्रं जमा झालेली होती, म्होरक्या फोदे सांकोह कोठडीत होता आणि देशभर संयुक्त राष्ट्रांचे हजारो सैनिक तैनात होते. लोकांची भीती गेली आणि त्यांनी हिशेब चुकता केला. धाकाने मत मिळतं हे खरं, पण धाक असेतोवरच.

याची उलट परीक्षा स्पेनच्या बास्क प्रदेशात झाली, आणि ती इतकी नेमकी आहे की कुणी मुद्दाम मांडून ठेवावी. सप्टेंबर १९९८ मध्ये एटाने, म्हणजे स्वतंत्र बास्क देशासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, शस्त्रसंधी जाहीर केली. पुढच्याच महिन्यात प्रादेशिक निवडणूक झाली आणि एटाच्या राजकीय गोटातल्या आघाडीला ७५ पैकी १४ जागा मिळाल्या. १९९९ च्या अखेरीस एटाने शस्त्रसंधी मोडली, पुन्हा स्फोट, पुन्हा खून. २००१ च्या निवडणुकीत त्याच आघाडीच्या जागा निम्म्यावर आल्या: ७. मागणी तीच, मतदारही बहुतेक तेच, मधल्या काळात परत आली होती ती बंदूक. पुढे २०११ मध्ये एटाने लढाई कायमची थांबवली, २०१८ मध्ये ती विसर्जित झाली. २०२४ मध्ये याच परंपरेचा कणा असलेल्या ईएच बिल्दू आघाडीने २७ जागा घेतल्या, म्हणजे तिथल्या मुरलेल्या सत्ताधारी बास्क नॅशनॅलिस्ट पक्षाइतक्याच.

उत्तर आयर्लंडची गोष्ट या मजकुरात नेहमी असते, पण मधला भाग गाळून. ब्रिटनपासून सुटून आयर्लंड एक करायला निघालेली सशस्त्र आयआरए, तिचे बॉम्ब, मग तिचा राजकीय पक्ष शिन फेन, मग सत्ता, अशी सरळ रेघ ओढली जाते. प्रत्यक्षात शिन फेनला पहिल्यांदा मोठं मत मिळालं ते एका उपाशी माणसामुळे. १९८१ मध्ये मेझ तुरुंगात आयआरएचा कैदी बॉबी सँड्स उपोषणाला बसला. मागण्या काय, तर स्वतःचे कपडे घालू द्या, तुरुंगातली सक्तीची कामं नकोत, कैद्यांना एकमेकांत मिसळू द्या. थोडक्यात, आम्हाला गुन्हेगार म्हणू नका. उपोषण चालू असतानाच पोटनिवडणूक लागली, सँड्स तुरुंगातून उभा राहिला आणि तीस हजारांहून जास्त मतं घेऊन ब्रिटिश संसदेवर निवडून आला. महिन्याभरात, उपोषणाच्या ६६ व्या दिवशी, तो गेला. त्याच्यामागोमाग आणखी नऊ जण गेले. त्याला मत देणाऱ्यांत आयआरएच्या बॉम्बांचा तिटकारा असलेले पुष्कळ कॅथलिक होते. त्यांनी बंदुकीला मत दिलं नव्हतं. एका पोराला मरू देणाऱ्या सरकारला ते उत्तर होतं.

त्याच वर्षी शिन फेनच्या अधिवेशनात पक्षाचा नेता डॅनी मॉरिसनने एका हातात मतपत्रिका आणि दुसऱ्या हातात आर्मलाइट रायफल, असं धोरण मांडलं. हे वाक्य फिरत्या मजकुराचं लाडकं. पण पुढची पंधरा-वीस वर्षं या दोन हातांचं आपसातच भांडण चाललं होतं, ते कुणी सांगत नाही. १९८३ मध्ये शिन फेनला उत्तर आयर्लंडात १३ टक्क्यांवर मतं पडली. नोव्हेंबर १९८७ मध्ये एनिस्किलनला युद्धस्मारकाजवळ जमलेल्या साध्यासुध्या लोकांत आयआरएचा बॉम्ब फुटला, अकरा जण जागीच गेले. १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत शिन फेनचे नगरसेवक ५९ वरून ४३ वर आले. १९९२ मध्ये तर खुद्द पक्षाध्यक्ष गेरी अ‍ॅडम्सना पश्चिम बेलफास्टची जागा गमवावी लागली. मतपेटीकडे गेलेला हात जे जमवायचा, ते दुसरा हात उधळायचा.

१९९४ च्या शस्त्रसंधीनंतर चित्र बदललं. ती मध्येच मोडली, १९९७ मध्ये पुन्हा लागू झाली, १९९८ मध्ये गुड फ्रायडे हा शांतता करार झाला, २००५ मध्ये शस्त्रं नष्ट झाली. मतं वाढत गेली ती या क्रमाने. २००३ पर्यंत शिन फेनने विधानसभेत एसडीएलपी या मवाळ राष्ट्रवादी पक्षाला मागे टाकलं होतं आणि २०२२ मध्ये ९० पैकी २७ जागा घेऊन तो सगळ्यात मोठा पक्ष झाला. दक्षिणेतल्या आयर्लंड प्रजासत्ताकात १९९७ साली त्याचा एकच खासदार होता. २०२० मध्ये तिथे त्याला साडेचोवीस टक्के पहिल्या पसंतीची मतं पडली. ती देणाऱ्या तरुणांच्या डोक्यात घरभाडं आणि इस्पितळातल्या रांगा होत्या. शस्त्रसंधीच्या वेळी त्यांच्यातले कितीतरी जण पाळण्यात होते किंवा जन्मलेही नव्हते.

‘ज्याची फौज मोठी त्याचा पक्ष मोठा’

इथे एकच उदाहरण पुरावं: कोलंबियातली फार्क. १९६४ पासून २०१६ पर्यंत, अर्धशतकाहून जास्त काळ लढलेली संघटना. ऐन भरात तिच्याकडे पंधरा-वीस हजार बंदूकधारी होते. करारानंतर तिने पक्ष काढला, आद्याक्षरंही तीच ठेवली, आणि २०१८ ची निवडणूक लढवली. मतं अर्ध्या टक्क्याहूनही कमी. संसदेत तिला दहा जागा मिळाल्या त्या करारात दोन कार्यकाळांसाठी राखून ठेवल्या होत्या म्हणून. मतांवर एकही मिळाली नसती.

त्याच देशातली एम-१९ ही फार्कच्या तुलनेत चिमुकली संघटना. तिने १९९० मध्ये शस्त्रं ठेवली. दीडेक महिन्यात तिचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कार्लोस पिसारो याचा विमानात खून झाला. तरी ती परत जंगलात गेली नाही. अँतोनियो नावारो वोल्फ त्याच्या जागी उभे राहिले, बाराएक टक्के मतं मिळाली, आणि वर्षअखेरीस घटना समितीच्या निवडणुकीत तिने ७० पैकी १९ जागा जिंकल्या. नव्या घटनेवर तिचा ठसा उमटला. नंतर मात्र नव्याचे नऊ दिवस संपले, चार वर्षांत पक्ष विरून गेला. पण माणसं उरली: त्यातलाच एक, गुस्तावो पेत्रो, २०२२ मध्ये वेगळ्याच आघाडीतून राष्ट्राध्यक्ष झाला.

फौजेच्या आकाराने यातलं काहीच उलगडत नाही. मग कशाने? माझं मत असं, की कुठल्याही सशस्त्र संघटनेचे दोन भाग असतात. एक गोळी झाडणारा. दुसरा भाकरी पोचवणारा, लपवणारा, निरोप नेणारा, वर्गणी गोळा करणारा, बांधावरचे तंटे सोडवणारा. पुढे पक्ष होतो तो या दुसऱ्या भागाचा. तो भाग सुदृढ असेल तर बंदूक गेल्यावरही संघटना चालते. तो नसेल तर बंदुकीबरोबर सगळंच जातं. आणि दुसरा भाग किती सुदृढ आहे हे कळायला एक साधा प्रश्न पुरतो: पैसा कुठून येतो? शेजाऱ्याच्या कणगीतल्या धान्यावर जगणाऱ्या संघटनेला त्या शेजाऱ्याचं मन राखावं लागतं, त्याच्या पोराचं नाव लक्षात ठेवावं लागतं. कोकेनच्या व्यापाऱ्यांकडून हप्ता आणि ओलिसांकडून खंडणी मिळत असेल, तर लोकांकडे जायचं कारणच उरत नाही. फार्कचं तेच झालं. शिवाय ती वावरत होती विरळ वस्तीच्या जंगलांत, आणि मतदार राहत होते शहरांत.

याच्या दुसऱ्या टोकाला मिझोरम. बांबूला पन्नासेक वर्षांनी फुलोरा येतो, त्या बिया खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतंच्या शेतं फस्त करतात. मिझो लोक याला ‘माउताम’ म्हणतात. १९५९ च्या माउतामाआधी तिथल्या जाणत्यांनी इशारा दिला होता, तो आसाम सरकारने गंभीरपणे घेतला नाही (हा भाग तेव्हा आसामात होता). दुष्काळ पडला. तेव्हा दूरदूरच्या डोंगरी गावांत पाठीवरून धान्य पोचवणारी एक संस्था पुढे आली, मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. १९६१ मध्ये नावातला ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ गळला आणि लालडेंगांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष उभा राहिला. बंदूक आली १९६६ मध्ये, म्हणजे धान्यानंतर. वीस वर्षांच्या लढाईनंतर जून १९८६ मध्ये करार झाला आणि फेब्रुवारी १९८७ च्या निवडणुकीत फ्रंटला ४० पैकी २४ जागा मिळाल्या. ज्या गावांत कधी पोतं पोचलं होतं, त्या गावांना या पक्षाची ओळख करून द्यावी लागली नाही.

नेपाळातही हाच क्रम. माओवाद्यांनी युद्ध पुकारलं फेब्रुवारी १९९६ मध्ये. पण त्याआधी, १९९१ च्या निवडणुकीत, त्यांच्यातल्याच अनेकांचा संयुक्त जनमोर्चा नऊ जागा जिंकून संसदेतला तिसरा पक्ष झाला होता. त्यांना बूथ, प्रचार, उमेदवार म्हणजे काय ते ठाऊक होतं. युद्धाच्या काळात त्यांनी गावांत ‘जनसरकार’ आणि ‘जनअदालत’ चालवली. काही ठिकाणी ती निव्वळ जुलमी होती, काही ठिकाणी सावकाराला आणि बायकोला मारझोड करणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदाच जाब विचारला गेला. २००८ च्या घटनासभेच्या निवडणुकीत त्यांनी स्त्रिया, दलित, जनजाती, मधेसी यांना भरपूर उमेदवाऱ्या दिल्या. जुन्या पक्षांच्या याद्यांत तीच ती आडनावं होती. निवडून द्यायच्या ५७५ जागांपैकी माओवाद्यांना २२० मिळाल्या. त्यांच्या तरुणांच्या संघटनेची, यंग कम्युनिस्ट लीगची, दादागिरी होती, ती नाकारायचं कारण नाही. पण त्यांचे नेते प्रचंड स्वतः जिंकले ते राजधानी काठमांडूतून, निरीक्षकांच्या आणि पत्रकारांच्या डोळ्यांदेखत.

माझ्या या मांडणीला टोचणारं एक उदाहरण आहे आणि ते झाकून ठेवणं बरं नाही. मोझांबिकमधली रेनामो. ती गोऱ्या ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने उभी केली, पुढे दक्षिण आफ्रिकेने पोसली, आणि गावकऱ्यांवरचे तिचे अत्याचार भयंकर होते. म्हणजे पैसा बाहेरचा आणि वागणूक राक्षसी. तरी १९९४ च्या निवडणुकीत तिला २५० पैकी ११२ जागा मिळाल्या. भीती म्हणावी, तर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली शांततेत मतदान झालं होतं. खरं कारण दुसऱ्या बाजूला सापडतं: सत्ताधारी फ्रेलिमोने शेतकऱ्यांना सक्तीने सामुदायिक गावांत हलवलं होतं, गावच्या मुखियांना आणि देवाधर्माला मागासलेपणा ठरवून मोडीत काढलं होतं. मध्य आणि उत्तरेकडच्या लोकांना तो राग काढायला मतपत्रिकेवर एकच मोठं नाव होतं.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. बंडखोरांचा पक्ष किती मोठा होतो हे पुष्कळदा त्याच्यापेक्षा समोरचा किती कुजला आहे यावर ठरतं. निवडणुकीच्या नियमांचाही त्यात हात असतो. २००६ मध्ये पॅलेस्टिनी संसदेच्या निवडणुकीत हमास या सशस्त्र संघटनेला ४४ टक्के मतं पडली आणि सत्ताधारी फतहला ४१. जागा मात्र १३२ पैकी ७४ आणि ४५. निम्म्या जागा मतदारसंघांतून भरायच्या होत्या, तिथे फतहचे अधिकृत उमेदवार आणि रुसून उभे राहिलेले बंडखोर एकमेकांची मतं खात होते. वर्षानुवर्षांच्या भ्रष्टाचाराचा वीट होताच. तीन टक्क्यांच्या फरकाचा भूकंप झाला तो असा.

‘पक्ष हा नुसता मुखवटा’

लेबनॉनमधल्या शिया पंथीयांची सशस्त्र संघटना हिजबुल्लाह, तिच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. यादवी युद्ध मिटवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारानंतर तिथल्या बाकी टोळ्यांनी शस्त्रं ठेवली, हिजबुल्लाहला ‘प्रतिकार’ म्हणून सूट मिळाली. १९९२ पासून ती निवडणुका लढते आहे. पण गंमत बघा: इतकी शस्त्रं, इतका पैसा, स्वतःच्या शाळा आणि इस्पितळं, आणि १२८ च्या संसदेत तिचे स्वतःचे खासदार तेराच्या आसपास. शिया पंथाला मुळात २७ जागा राखीव, त्यातही वाटेकरी. मे २००८ मध्ये तिने बंदुका बाहेर काढून पश्चिम बैरूत ताब्यात घेतलं, आणि त्यानंतरच्या दोहा करारात मंत्रिमंडळाचे निर्णय अडवता येतील एवढी मंत्रिपदं मिळवली. शस्त्रांनी तिला दुसऱ्याला अडवायची ताकद दिली. नवा मतदार मात्र एकही मिळाला नाही.

बाकी ठिकाणी मुखवट्याची उपमा टिकत नाही. मुखवटा घालणाऱ्याला मुखवट्यापायी आपल्याच माणसांशी भांडावं लागत नाही. शिन फेनने १९८६ मध्ये डब्लिनच्या संसदेत बसायचं ठरवलं तेव्हा पक्ष फुटला. १९९७ मध्ये वाटाघाटींवरून आयआरए फुटली, आणि त्या फुटीर रिअल आयआरएने ऑगस्ट १९९८ मध्ये ओमा गावात घडवलेल्या स्फोटात २९ माणसं मेली. नेपाळात २०१२ मध्ये माओवादी नेते मोहन वैद्य ‘क्रांतीशी गद्दारी’ म्हणत बाहेर पडले. कारण उघड आहे. अशा पक्षाला मूळ मागणी सोडावी लागते. लालडेंगांनी स्वतंत्र देश सोडला आणि घटक राज्य घेतलं. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात लढणाऱ्या गाम संघटनेने २००५ मध्ये हेलसिंकीत स्वातंत्र्य सोडलं आणि स्वायत्तता घेतली, वर स्थानिक पक्ष काढायची मुभा मिळवली. शिन फेनने मान्य केलं की उत्तरेतल्या बहुमताच्या संमतीशिवाय आयर्लंड एक होणार नाही. ज्यासाठी सोबती मेले तेच सोडलं, हे ऐकून घेणं सोपं नसतं.

पीळ राहतो तो वेगळ्या जागी. वरून आलेला आदेश खाली निमूट पाळायचा, पैशाचा हिशेब चौघांतच ठेवायचा, पक्षांतर्गत टीकेला फितुरी समजायचं, या भूमिगत काळातल्या सवयी पुढे पिढ्यानपिढ्या सुटत नाहीत. मजकुराने एवढंच म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती.

‘चर्चा नको, चिरडून टाका’

श्रीलंकेने चिरडलं. एकदा नव्हे, दोनदा. जनता विमुक्ती पेरमुना म्हणजे जेव्हीपी या मार्क्सवादी पक्षाचा १९७१ चा उठाव काही आठवड्यांत मोडला गेला. १९८७ ते ८९ च्या दुसऱ्या उठावात जेव्हीपीने विरोधकांचे, डाव्या कार्यकर्त्यांचे, हुकूम न मानणाऱ्या दुकानदारांचे खून पाडले. सरकारी बाजूने याहून कितीतरी जास्त तरुण नाहीसे केले, रस्त्याकडेला प्रेतं जळत पडायची. नोव्हेंबर १९८९ मध्ये नेता रोहण विजेवीरा मारला गेला, जवळजवळ सगळं वरचं नेतृत्व संपलं. याहून पुरतं चिरडणं दाखवता येणार नाही.

तरीही १९९४ मध्ये एका जागेने सुरुवात करून हा पक्ष परतला. २००४ मध्ये आघाडीत ३९ जागा, मग फूट, मग घसरण. २०२० मध्ये त्याच्या आघाडीकडे अवघ्या तीन जागा. २०२२ मध्ये देशाची तिजोरी रिकामी झाली, पेट्रोलच्या रांगा लागल्या, राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. २०२४ मध्ये जेव्हीपीचे अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले आणि पाठोपाठ त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. हिंसा केली म्हणून सत्ता मिळाली असं म्हणायचं, तर हिंसेनंतर देशाची सूत्रं हाती यायला या पक्षाला पस्तीस वर्षं का लागली? आणि चिरडल्याने प्रश्न मिटतो म्हणायचं, तर हा पक्ष आज सत्तेत कसा? मजकुराची दोन्ही वाक्यं एकाच वेळी खोटी पाडणारं हे उदाहरण आहे. उरुग्वेतले तुपामारोस हे डावे बंडखोरही १९७२ पर्यंत मोडून काढले होते. त्यांच्यातला होसे मुहिका तेरा-चौदा वर्षं कैदेत काढून २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.

चिरडण्याचा दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. फार्कने १९८५ मध्ये पहिल्यांदा निवडणुकीचा रस्ता धरून पाहिला होता, पॅट्रिऑटिक युनियन नावाचा पक्ष काढून. निमलष्करी टोळ्या, अमली पदार्थांचे व्यापारी आणि सरकारी यंत्रणेतली माणसं यांनी मिळून तो पक्ष माणूस माणूस टिपून संपवला: दोन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, खासदार, महापौर, साधे कार्यकर्ते. कोलंबियाच्या विशेष शांतता न्यायालयाने मारल्या गेलेल्यांचा आणि बेपत्ता झालेल्यांचा आकडा ५,७३३ दिला आहे. जंगलात उरलेल्यांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला आणि लढाई आणखी तीस वर्षं चालली.

‘बक्षीस’ या शब्दात तथ्य आहे ते एका ठिकाणी: माफीत. पण तिथे मजकूर अर्धीच बाजू बघतो. एल साल्वादोरमध्ये बारा वर्षांच्या युद्धात सुमारे ७५ हजार माणसं मेली. १९९२ च्या करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाकडे आलेल्या तक्रारींपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास सरकारी दलं आणि त्यांच्या जोडीच्या खुनी टोळ्यांविरुद्ध होत्या, बंडखोर एफएमएलएनविरुद्ध सुमारे ५ टक्के. अहवाल मार्च १९९३ मध्ये आला आणि पाच दिवसांत संसदेने सरसकट माफीचा कायदा केला. ती संसद बंडखोरांची नव्हती. माफी दोन्हीकडच्यांना हवी असते आणि मेलेल्यांच्या घरच्यांना त्या खोलीत कुणी बोलावत नाही. नेपाळातल्या बेपत्ता माणसांच्या आया-बायका हेच सांगत आल्या आहेत. त्यांचा राग माओवाद्यांवर आहे तेवढाच लष्करावरही आहे.

‘खुर्चीला चिकटतात’

यावर फार शाई खर्चायला नको. युद्ध सरळसरळ जिंकून जे राजधानीत शिरतात, ते चिकटतात: एरिट्रियात १९९३ च्या स्वातंत्र्यानंतर आजवर राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. करार करून मतपेटीत उतरलेल्यांना मात्र लोक सहज उठवतात. लालडेंगांचं सरकार दीडेक वर्षातच पक्षांतराने पडलं. फ्रंट नंतर पुन्हा आली, पुन्हा गेली, आणि २०२३ मध्ये दहा जागांवर घसरली, मुख्यमंत्री झोरामथांगा स्वतःच्या जागेवरही हरले. नेपाळात २२० चे पाच वर्षांत ८० झाले, आणि ज्या काठमांडूने प्रचंड यांना निवडून दिलं होतं त्याच काठमांडूत २०१३ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले.

आणि एल साल्वादोर. एफएमएलएन १९९४ मध्ये ८४ पैकी २१ जागांनी सुरू झाली. २००९ मध्ये तिने राष्ट्राध्यक्षपद जिंकलं ते माउरिसियो फुनेस या टीव्ही पत्रकाराला उभं करून. जुना कमांडर साल्वादोर सांचेस सेरेन २०१४ मध्ये जिंकला तो जेमतेम सहा हजारांवर मतांनी. दहा वर्षं राज्य केलं, टोळ्यांचा हिंसाचार आटोक्यात आला नाही, भ्रष्टाचाराची प्रकरणं बाहेर आली. २०२१ मध्ये पक्षाचे चार आमदार उरले, २०२४ मध्ये एकही नाही. त्याची जागा घेतली नायीब बुकेलेने. तो आधी याच पक्षाचा महापौर होता, २०१७ मध्ये त्याला काढून टाकलं होतं. युद्ध संपलं तेव्हा तो शाळकरी पोर होता, बंदूक घेऊन डोंगरात गेलेल्यांतला नव्हे. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, फेब्रुवारी २०२० मध्ये, कर्जाच्या प्रस्तावावर आमदार ऐकेनात म्हणून तो सशस्त्र सैनिक बरोबर घेऊन संसदेच्या सभागृहात शिरला आणि सभापतींच्या खुर्चीत जाऊन बसला.